बेस काढल्यावर उरलेलं गाणं

श्रावण निम्म्यावर आला की सोलापुरात संध्याकाळचा आवाज बदलतो. शाळांची मैदानं, मंगल कार्यालयांच्या मागच्या मोकळ्या जागा, बोळांची तोंडं, जिथं म्हणून माणसांच्या चार ओळी उभ्या राहतील तिथं लेझीमचा सराव सुरू होतो. गणपतीला अजून अवकाश असतो, पण पाय आधीच बसवावे लागतात. पहिले काही दिवस आवाज विस्कटलेला येतो. कुणाची लेझीम आधी खळखळते, कुणाची मागून. हलगीवाला वैतागतो, सगळ्यांना थांबवतो, पुन्हा पहिल्यापासून. मग एका संध्याकाळी सगळ्या लेझमा एकदम उघडतात आणि एकदम मिटतात, आणि आपण हातातला चहाचा कप तसाच धरून ऐकत राहतो.

यंदाही मी खिडकीत बसून ऐकतोय. क्लासची मुलं गेलेली असतात. फळ्यावर त्रिकोणमिती अर्धवट पुसलेली असते. घरात दुसरं कुणी नाही. आई माढ्याला धाकट्याकडे असते, तिला तिथलं अंगण आवडतं. लग्न राहून गेलं ते गेलंच. एरवी या सगळ्याचं मला काही वाटत नाही, पण श्रावणातल्या या संध्याकाळी मात्र वाटतं, कारण गेल्या वर्षी याच दिवसांत मी रोज कुठंतरी जात होतो आणि तिथं माझी वाट बघितली जात होती.

मी जात होतो पूर्वभागात, विणकरांच्या वस्तीत, लावण्याच्या माडीवर. आमच्या जुन्या गाण्याचं रीमिक्स होत होतं.

आमचं म्हणजे ‘झळ’चं. ‘झळ’ हा सोलापूरचा रॉक बँड होता हे सोलापुरातही फारसं कुणाला माहीत नाही, त्यामुळे तुम्ही ऐकलं नसेल तर मनाला लावून घेऊ नका. कॉलेजात आम्ही चौघं होतो. गाणारा अभय, कुर्डुवाडीचा, वडील रेल्वेत. आवाज असा की फलाटावर भोंग्याची गरज पडू नये. गिटारवर सिद्धाराम, म्हणजे सिद्धू, जो गिटारपेक्षा केसांकडे जास्त लक्ष द्यायचा. ड्रमवर व्यंकटेश, विणकरांच्या घरातला, गप्प बसणारा आणि काठ्या हातात आल्या की कुणाला न ऐकणारा. आणि बेस गिटारवर मी.

बेस गिटार म्हणजे काय, हे मला आयुष्यभर समजावून सांगावं लागलंय. दिसायला गिटारसारखीच, तारा कमी आणि जाड. ती गाण्याच्या तळाशी वाजते. असते तेव्हा कुणाचं लक्ष जात नाही, नसली की गाणं पोकळ लागतं पण का ते कुणाला सांगता येत नाही. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये लोक अभयच्या नावानं ओरडायचे, सिद्धूचे फोटो काढायचे, व्यंकटेशकडे टक लावून बघायचे. मला एकदा एका मुलीनं विचारलं होतं, तुम्ही त्यांचं सामान उचलता का. मी हो म्हणालो, कारण उचलतही होतो.

सोलापूरहून रस्ते फुटतात तसे ते तिघे फुटले. अभय पुण्याला, व्यंकटेश हैदराबादला, सिद्धू विजापूरच्या रस्त्यानं खाली बेंगळुरूला. भांडण नाही, काही नाही. नोकऱ्या लागल्या. मी इथंच राहिलो. फोनवर आमचा चौघांचा ग्रुप आहे, त्यावर वाढदिवसाचे केक येतात.

लावण्या ही व्यंकटेशची भाची. शाळांच्या गॅदरिंगसाठी गाणी कापून द्यायची, जोडून द्यायची, असं तिचं काम चालतं, आणि लेझीमही खेळते. त्यांच्या मंडळाच्या बायकांच्या लेझीम संघाला मिरवणुकीत एका चौकात खास डाव दाखवायचा होता. हलगी-ढोल असतातच, पण त्या डावाला तिला इथलं, कुणी न वाजवलेलं गाणं हवं होतं. मामाकडून तिला आमचं ‘दुपार’ मिळालं, आणि मामानंच सांगितलं की काही विचारायचं असेल तर मिलिंद तिथंच आहे.

“सर, तुमी नुसतं येऊन बसा,” ती फोनवर म्हणाली. “कुटं काय वाजतंय ते सांगा. बाकी मी बघते.”

मला आजवर कुणी इतक्या महत्त्वाच्या कामाला बोलावलं नव्हतं. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

लावण्याची माडी म्हणजे पत्र्याखालची खोली, एक टेबल, एक लॅपटॉप, भिंतीला टेकवलेल्या गाद्या. ऐकताना पंखा बंद करावा लागे. सोलापुरात श्रावणातसुद्धा पंखा बंद करणं ही काही साधी गोष्ट नाही. तिची आई, पद्माअक्का, मधूनमधून वर यायची. व्यंकटेशची ही थोरली बहीण. कॉलेजात आम्ही तिच्या हातच्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी कितीतरी खाल्ली होती. मला बघून तिनं पहिलं काय विचारलं असेल तर, “मिलिंद, अजून तसाच वाळका कसा रे तू?”

रीमिक्स म्हणजे गाण्याच्या मागं ढमढम लावणं, अशी माझी समजूत होती. तसं नसतं. आधी गाणं उसवावं लागतं. पूर्वी त्यासाठी मूळ रेकॉर्डिंगचे सुटे भाग लागायचे, प्रत्येक वाद्याचा वेगळा. आमचे सुटे भाग रेकॉर्डिंगवाल्याच्या कॉम्प्युटरबरोबरच गेले होते. आता त्यावाचून अडत नाही. लावण्यानं गाणं एका सॉफ्टवेअरमध्ये टाकलं, आम्ही चहा प्यायलो, आणि चहा होईपर्यंत आम्ही चौघं चार पट्ट्यांत वेगळे होऊन पडद्यावर आडवे पडलेले होतो. गळा, ड्रम, बेस, आणि चौथ्या पट्टीला नाव होतं ‘बाकीचं’. सिद्धूची गिटार ‘बाकीचं’मध्ये गेली होती. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

मग एकेकाला एकटं ऐकायचं. तिनं बाकी तीन पट्ट्या बंद केल्या आणि अभय एकटा गायला लागला. मला वाटलं होतं अंगावर काटा येईल. आला, पण वेगळ्या कारणानं. अभय वरच्या सुराला जरा खाली राहत होता. प्रत्येक वेळी. श्वास घेताना घाईत घेत होता, घाबरलेल्या पोरासारखा. जो अभय स्टेजवर छाती काढून उभा राहायचा, तो आत इतका धास्तावलेला होता हे मला कधी कळलंच नव्हतं. मग सिद्धू ऐकला. तो किंचित मागं पडत होता. मी ऐकला तर मी किंचित पुढं पळत होतो.

“एकेकटे सगळेच चुकलेत की, सर,” लावण्या म्हणाली, आणि तिनं चारी पट्ट्या चालू केल्या. गाणं पुन्हा जसंच्या तसं, घट्ट, आमचं. मी तिला पुन्हा एकेकटे लाव म्हणालो, पुन्हा एकत्र लाव म्हणालो. तिनं न कंटाळता लावलं. मला ते फार लागलं. आता पुण्यात, बेंगळुरूत, हैदराबादला आणि इथं, आम्ही आपापल्या घरी असेच जरा खाली, जरा मागं, जरा पुढं वाजत असणार, आणि कुणाला कळतही नसणार की याला सोबत लागते.

दुसरं काम ताल सरळ करायचं. पडद्यावर उभ्या रेषा असतात, समान अंतरावर. रीमिक्समध्ये नवा ठोका मशीनचा असतो, तो रेषेवरच पडतो, म्हणून जुना ठोकाही ओढूनताणून रेषेवर आणावा लागतो. माणसानं वाजवलेले ड्रम कधीच रेषेवर नसतात. पण व्यंकटेशचे होते. पहिली दोन कडवी त्याचा एकेक ठोका रेषेवर असा बसलेला की लावण्या बघतच राहिली.

“मामा मशीन लावून वाजवायलेला काय?”

“हो,” मी म्हणालो. “पण आमचं नव्हतं.”

मग तिला ती दुपार सांगावी लागली. रेकॉर्डिंग व्यंकटेशच्या वडिलांच्या मागांच्या शेडमध्ये केलं होतं. सुट्टीचा दिवस होता, त्यांचे माग बंद होते. आवाज घुमू नये म्हणून आम्ही टॉवेलचे गठ्ठे भिंतींना छातीपर्यंत रचले होते. सोलापुरात कापसाच्या भिंती करायला काही खर्च येत नाही. सगळी तयारी झाली आणि शेजारच्या शेडमध्ये एक माग सुरू झाला. खट खट, खट खट. अभय जाऊन त्या विणकराला विनवून आला. तो म्हणाला, निकडीचा माल हाय, थांबवता येत न्हाय. आम्ही तिघं हताश होऊन बसलो. व्यंकटेश मात्र कान देऊन ऐकत होता. तो जन्मल्यापासून त्याच आवाजात झोपलेला माणूस. म्हणाला, “असू दे की. मी त्याच्यावरच वाजवतो.”

आणि खरंच त्यानं शेजारच्या मागावर ताल धरला. आम्ही त्याच्यावर धरला. इतकं एकजीव आम्ही कधीच वाजवलं नव्हतं. तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर शेजारच्या मागाचा धागा तुटला. माग थांबला. व्यंकटेशच्या चेहऱ्यावर एकदम असं काही आलं की जणू जत्रेत बापाचं बोट सुटलंय. त्याचे हात मंदावले, आम्ही सगळे त्याच्यामागं खाली आलो, मग कसेबसे सावरलो. परत वाजवायला हवं होतं, पण रेकॉर्डिंगवाल्याला जायचं होतं. ते तसंच राहिलं.

लावण्यानं तिसऱ्या कडव्यावर बोट ठेवलं. पडद्यावर ते दिसत होतं. रेषा पुढं निघून गेल्या होत्या आणि आम्ही मागं राहिलो होतो.

नंतर ‘बाकीचं’ची पट्टी तिनं पुन्हा नीट ऐकली, तर सिद्धूच्या गिटारच्या मागं बारीक खट खट होतीच. इतकी वर्षं आम्ही ते गाणं ऐकलं आणि ती कुणालाच ऐकू आली नव्हती. लावण्या खूश झाली. तिनं ती खट खट तेवढी कापून घेतली, पुन्हा पुन्हा फिरत राहील अशी केली, त्याखाली हलगी टाकली. मग आईला हाक मारली. हा तिचा ठरलेला रिवाज होता: ठोका बरोबर आहे की नाही हे ती कानांनी ठरवायची नाही, पायांनी ठरवायची, तेही अक्काच्या. अक्का पदर खोचून, हातात लेझीम घेऊन मधोमध उभी राहायची आणि चार पावलं टाकायची.

“बसतंय,” अक्का म्हणाली. “लई बेस बसतंय. हे आपल्या मागाचं हाय ना गं?”

अशा रीतीनं शेजारचा माग रीमिक्समध्ये गेला. राहिला प्रश्न माझा.

खरं सांगायचं तर मी त्याचीच वाट बघत होतो. आजवर ते गाणं ज्यांनी ज्यांनी ऐकलं, ते मोबाईलवर ऐकलं, आणि मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरमधून बेस गिटार बाहेरच येत नाही. मी त्या गाण्यात आहे हे फक्त तिघांना आणि मला माहीत होतं. मिरवणुकीतले ते भलेमोठे स्पीकर म्हणजे पहिली अशी जागा होती की जिथं मी ऐकू आलो असतो. भर चौकात, सगळ्या गावाला. चाळिशीला टेकलेल्या गणिताच्या मास्तरानं असली हौस मनात धरावी, याचं मलाच हसू येत होतं, पण धरली होती.

लावण्यानं नवा ठोका टाकला, मशीनचा, छातीत बसणारा. मग सगळ्या पट्ट्या चालू केल्या. तिनं कपाळाला आठ्या घातल्या. एक पट्टी बंद केली, चालू केली, परत बंद केली.

“सर, लई गिच्च व्हायलंय.”

“म्हणजे?”

“खाली ठोका हाय, आन् खालीच तुमी हाय. खाली दोघं मावत न्हाईत.” तिनं माझ्या पट्टीकडे बोट केलं. “समदे रीमिक्सवाले बेस गिटार आधीच काढून टाकतात. मी तुमी हाय म्हणून ठेवून बघितलं.”

मी म्हणालो, थोडी ठेवता येईल का, अगदी बारीक. हे म्हणताना माझा आवाज मला आवडला नाही. पण तिनं मनापासून प्रयत्न केला. दोन संध्याकाळी ती माझा आवाज कमी करून, वरचा ठेवून, खालचा छाटून, नाना तऱ्हांनी बसवत होती. शेवटी अक्काला बोलावलं. अक्कानं पाऊल उचललं आणि ते हवेतच राहिलं. परत प्रयत्न केला, परत अडखळली. मी ठोक्याच्या किंचित आधी वाजवतो ना, तिथं तिचा पाय फसत होता.

“पाऊल कुटं टाकावं तेच कळंना,” अक्का म्हणाली. मग माझ्याकडे बघून घाईघाईनं, “माझंच चुकत असंल. गुडघा दुखतोय कालपासनं.”

तिच्या गुडघ्याला काही झालं नव्हतं. माझा चेहरा तिनं वाचला होता. पन्नास-साठ बायका चौकात एकदम पाऊल टाकणार आणि माझ्या हौसेपायी त्या अडखळणार, हे मलाही बघवलं नसतं. मी म्हणालो, “काढ, लावण्या.” तिनं लगेच काढलं नाही. मीच हात पुढं करून ती पट्टी बंद केली. गाणं लगेच मोकळं झालं, स्वच्छ झालं. अक्काचं पाऊल बरोबर पडलं. मी टाळी वाजवली आणि मला फार वाईट वाटलं.

मिरवणुकीच्या दिवशी मी त्या चौकात एका बंद दुकानाच्या पायरीवर उभा होतो. हिरव्या नऊवारीतल्या बायका ओळींत उभ्या राहिल्या, लावण्या पुढं. आधी नुसती खट खट आली, त्या मोठ्या स्पीकरमधून, एकटी. पायरीवर माझ्याशेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. ते ताठ झाले. “आयला, माग हाय की ह्यात,” ते म्हणाले आणि शेजाऱ्याला कोपरानं ढोसून पुन्हा म्हणाले. मग हलगी आली, मग अभयचा आवाज गल्लीभर पसरला, आणि साऱ्या लेझमा एकदम उघडल्या. मी खोटं बोलणार नाही, ते फार सुंदर होतं. मंडळाची पोरं स्पीकरवाल्याकडे बघून “बेस वाढव, बेस वाढव” म्हणून हात हलवत होती. तिसऱ्या कडव्यात कुणी मंदावलं नाही. लावण्यानं तिथला ताल ओढून सरळ केला होता.

मी मोबाईलवर चित्रण करून ग्रुपवर टाकलं. सिद्धूनं आगीची चित्रं पाठवली. अभयनं लिहिलं की ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. व्यंकटेशनं फोन केला, आणि तो फोन करणारा माणूस नाही. म्हणाला, “मिल्या, शेजारचा माग ऐकू आला रे.” मी म्हणालो, हो. तो म्हणाला, “आपण चौघं परत भेटायला पायजे.” मी म्हणालो, हो. नुसतं त्याच दिवशी नव्हे, पुढं कित्येक दिवस मी वाट बघितली की तिघांपैकी कुणीतरी विचारील, मिल्या, तुझा बेस कुठंय. कुणी विचारलं नाही. त्यांचा दोष नाही. मोबाईलवर ऐकलं ना त्यांनी.

तरी मला ते टोचलं. सगळ्या गावाला कळलं नाही याचं काहीच नव्हतं, पण त्या तिघांना कळायला हवं होतं.

गणपती गेले, माडीवर जायचं कारण संपलं. निरोप घ्यायला गेलो तेव्हा लावण्यानं विचारलं, सर, तुमाला काय काय देऊ. मी रीमिक्स नको म्हणालो. मूळ गाणंच दे म्हणालो, मूळ लयीत, फक्त माझी पट्टी काढून. तिला वाटलं मी रागावून बोलतोय. रागावलो नव्हतो. मला सुचलं होतं की सबंध जगात ही एकच जागा आहे जी माझ्या मापाची रिकामी आहे.

तेव्हापासून क्लास सुटला की मी बेस गिटार काढतो. बोटांची कातडी मऊ पडली होती, पहिले काही दिवस फोड आले. तिघांना हेडफोनमधून कानात घेतो, माझं वाजवणं छोट्या स्पीकरमधून खोलीत येतं. अभय घाईत श्वास घेतो. सिद्धू मागं राहतो. व्यंकटेश मागावर बसलेला असतो. मी जरा पुढं पळतो आणि सगळं जुळतं.

परवा संध्याकाळी असाच वाजवत होतो, बाहेर लेझीमचा सराव चालला होता, आणि दार वाजलं. खाली राहणाऱ्या घरमालकीण, महानंदाकाकू. हातात चाळणी, पिठानं भरलेली.

“सर, किती दिवसापासनं इचारीन म्हनते, रोज ह्या टायमाला तुमच्या खोलीतनं काय घुमायलंय ओ? मी म्हनलं पाण्याची मोटर बिघडली काय. आमच्या भांड्यांना कंप सुटतोय.”

मी माफी मागितली. म्हणालो, गाणं आहे.

“हे?” त्यांनी गिटारकडे बघितलं. “वाजवा बघू.”

वाजवलं. एकट्या बेस गिटारचं ते ढुम ढुम त्यांनी सभ्यपणानं ऐकून घेतलं. “बरं हाय,” म्हणाल्या, “पन ह्यात गानं कुटं हाय?”

मी कानावरचा हेडफोन काढला आणि त्यांच्या कानांना लावला. त्यांनी पिठाचा हात पदराला पुसून तो नीट धरला, खुर्चीवर बसल्या. मी गाणं पहिल्यापासून लावलं आणि वाजवायला लागलो. आता तिघं त्यांच्या कानात होते आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं. कुठवर आलंय हे कळायला फक्त त्यांची मान होती. ती आधी स्थिर होती. मग हलली. मग ठोक्यावर हलायला लागली, आणि त्या मानेकडे बघून मी माझी जागा धरली. त्यांना ते तिघं आतून ऐकू येत होते आणि मी बाहेरून. इतक्या वर्षांत आम्ही चौघं एकत्र कुठं आलो असू तर महानंदाकाकूंच्या डोक्यात, खुर्चीत, चाळणी मांडीवर घेऊन. त्यांना काही सांगितलं नाही. सांगत बसलो असतो तर हात चुकला असता. मी मान खाली घालून, जीव लावून वाजवत राहिलो, किती वेळ ते कळलं नाही.

खांद्यावर हात पडला तेव्हा वर बघितलं. काकूंनी हेडफोन काढला होता. “सर,” त्या हळू म्हणाल्या, “ते थांबले की मगाशीच.”